जुन्या गाठीसाठी दोन सुया

आज प्लेगची लस टोचून घ्यायला गेलो आणि सुई लागायच्या आधीच, स्पिरिटच्या नुसत्या वासाने, आडवा झालो.

वीस वर्षांपूर्वी सक्करदऱ्याच्या लस टोचायच्या मांडवात हाच वास होता. प्लेगच्या गाठीवर लस निघाली एवढं ऐकून, छातीत गाठ असलेल्या मावशीला मी रांगेत उभं केलं. "डॉक्टरसाहेब, जुनी गाठ आहे, दोन सुया द्या!"

सारा मांडव हसला. एकटे डॉक्टरच हसले नाहीत. "ही कॅन्सरची गाठ दिसते. तिच्यावर लस अजून निघाली नाही."

मावशीचा दंड उघडाच होता. "निघंल तवा सांगजा, मी येईन."

पुढची दिवाळी तिने पाहिली नाही. तेव्हा मला त्या हसण्याची लाज वाटली होती. आता फक्त तो दंड दिसतो.

घरी बायको म्हणाली, "मावशीले लस नाही म्हटलं, तरी ते उभी राहिली. तुम्हाले मिळून राहिली होती, तं तुम्ही काहून पडले?"