हसरी सवत

माझ्या दुकानात ठसे होते, पण ते वडिलांचे. एका डब्यात भरून मी ते माळ्यावर टाकले आणि पुन्हा हात लावला नाही. ठशावर पत्रा ठेवायचा, हातोडी हाणायची, की झाला दागिना! त्याला सोनार कशाला, लोहारही चालेल. वाशीमच्या बाजारात मला शिष्ट म्हणत. म्हणोत बापडे. दुसरीच्या गळ्यात आहे तस्संच हवं असेल तर शेजारच्या दुकानात जा, असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे, आणि तरी माणसं माझ्याचकडे येत. हाताला गुण होता आणि तो मला ठाऊक होता. खोटा विनय मला कधी जमला नाही.

नक्षी सुचते कुठून, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, डोळे उघडे ठेवा. तुरीचं फूल घ्या, म्हशीच्या शिंगाचा बाक घ्या, बाभळीची शेंग दोन बियांच्या मधे कशी आवळलेली असते ते बघा. शेतातून फिरून आलो की राळ तापवून मऊ करायची, तिच्यावर पत्रा बसवायचा आणि बारीक छिन्नीनं हलके हलके ठोकत पाहिलेलं उमटवायचं. पण माझी सगळ्यात गाजलेली नक्षी मला शेतानं दिली नाही, एका बाईनं दिली.

किन्हीराजा गावाकडच्या एका शेतकरी घरची ती सून. सासूबरोबर कानातलं करायला आली होती. सासू वजनाचं बोलत होती, तेवढ्यात सुनेनं पदराची गाठ सोडून हरभऱ्याचे दोन वाळलेले घाटे माझ्यासमोर ठेवले.

“सोनारदादा, असे करता येतीन का? मान हालवली का आतला दाना वाजला पाह्यजे.”

मी म्हटलं, “बाई, आता कानात हरभरा पेरता काय?”

त्यावर ती हसली. तिचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, म्हणून हसताना ती तळहात तोंडाशी आडवा धरायची. पण हसू एवढं मोठं की ते हाताच्या कडेनं बाहेर यायचं. सासूनं डोळे वटारले तरी थांबेना. मलाही हसू आलं, आणि मी दुकानात सहसा हसत नसे.

घाटे केले. पोकळ, टोकाशी बाक दिलेले, आत चांदीचा एकेक बारीक मणी. तिनं ते तिथंच घातले आणि मान हलवून ऐकत बसली. त्या हंगामात पार रिसोडहून, मंगरूळपीरहून बायका वाजते घाटे मागायला आल्या. शेजारच्या दुकानदारानं नक्कल केली. त्याचे वाजत नव्हते.

पुढं ती बाळंतपणातून उठलीच नाही. तान्ही मुलगी मागं ठेवून गेली. काही महिन्यांनी सासू एकटीच दुकानात आली. मुलाचं दुसरं लग्न ठरलं होतं आणि तिला सवतीचा टाक करून हवा होता.

आमच्याकडे रीत आहे. दुसरी बायको घरात येते तेव्हा पहिलीचा टाक तिच्या गळ्यात बांधतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवं लुगडं असो की नवा दागिना, अंगावर घालण्याआधी दुसरीनं तो टाकाला लावायचा. पहिलीचा मान म्हणे! मान कसला, भीती ती. पहिलीचा जीव संसारात अडकलेला असतो, तिनं दुसरीला छळू नये म्हणून ही लाच. सगळे सोनार ही आकृती एकसारखी करतात. दोन टिंबं डोळ्यांची, एक रेघ तोंडाची, हात खाली सोडलेले. असल्या ठोकळ्याला मी त्या बाईचं नाव देणार नव्हतो.

मी तिला हसताना घडवली. तळहात तोंडाशी, कानांत घाटे, आणि हाताच्या कडेनं निसटलेलं हसू. काम एवढं साधलं की मी ते दिवसभर पुन्हा पुन्हा उचलून बघत होतो.

सासूनं पाहिलं आणि टाक परत माझ्यापुढं सरकवला. “टाक कधी हासते काय बापा? सगळ्याइचा असते तसा करून दे.”

“तसा हवा तर दुसरा सोनार बघा.”

आतून बायको हातवारे करत होती, गिऱ्हाईक घालवू नका म्हणून. मी तिकडं बघितलंच नाही. सासू मात्र उठली नाही. हळू आवाजात म्हणाली, “तुले काय सांगू. लग्न ठरल्यापासून त्या नव्या पोरीले ताप येऊन राह्यला. सवत छातीवर बसन म्हनते. हे हासनारी पाहून आनखी भेली त?”

तेव्हा मला कळलं की भांडण माझ्या कारागिरीचं नव्हतंच. कुणीतरी पोरगी तिकडं भीतीनं अर्धी झाली होती, आणि मी घडवलेलं तिच्या छातीवर जन्मभर राहणार होतं. पण त्यानं माझं मत बदललं नाही, उलट पक्कं झालं. मी म्हटलं, “काकू, भूत म्हणून दिली तर ती भिणारच. माणूस म्हणून देऊन बघा.”

तिनं टाक कनवटीला लावला. “तुह्या भरोशावर नेतो,” म्हणाली.

लग्नानंतर नवी सून जोडवी सैल करायला आली. टाक तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात होता, पण पालथा. माझं डोकंच फिरलं. “मी पाठ नाही घडवली, बाई, तोंड घडवलंय!”

ती दचकली. मग मलाच वाईट वाटलं. जोडव्यांचं काम करता करता मी तिला घाट्यांची गोष्ट सांगितली, कानात हरभरा पेरण्याची. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, “माह्यावर रागावली नसन ना ते?”

“बघा की. तिलाच विचारा.”

तिनं दोन बोटांनी टाक सुलटा केला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. “हे त हासून राह्यली,” म्हणाली. “काहून?”

“मी थट्टा केली म्हणून.”

ती टाक सुलट ठेवूनच दुकानातून गेली. पुढं वर्षानुवर्षं तिचे दागिने मीच केले. प्रत्येक वेळी नवी वस्तू हातात घेतली की आधी टाकाला लावायची. सुरुवातीला घाईघाईनं, डोळे मिटून. नंतर नंतर तर विचारायची, “आवडली का वो बाई?” आणि मग माझ्याकडं बघून, “हो म्हनते.”

लढाईच्या काळात, चांदी मिळायची मारामार असताना, ती एकदा आली आणि गळ्यातला टाक काढून माझ्यापुढं ठेवला. पहिलीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. टाकाचा चेहरा पार सपाट झालेला. मी खवळलो. “राखेनं घासता की काय हो?”

“मी नाई घासत. पोरीनं घासला. लहानपनी झोपेच ना. हा अंगठ्याखाली धरला का मंग झोपे.” मग म्हणाली, “असाच दुसरा करून द्या. तिच्या गळ्यात घालतो. आपली माय घेऊन जाईन सासरी.”

मी म्हटलं, सवतीचा टाक लेक नेत नाही, रीत नाही.

“रीतभात मी पाहून घेतो. तुमी टाक पाहा.”

असं कुणी सुनावलेलं मला आवडत नाही. त्या दिवशी आवडलं. तिनं पायातला वाळा काढून चांदीसाठी दिला आणि मी कामाला लागलो. समोर ठेवायला काही नको होतं मला. ती बाई, तो तळहात, ते घाटे, सगळं माझ्या डोळ्यांपुढं होतं. मी छाती ठोकून सांगितलं, बाजार करून या, तोवर आकृती उभी करतो.

ती आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, “नाई, सोनारभाऊ. हासू त्या बाजूनं नाई, ह्या बाजूनं बाहीर येते.”

“मी तिला जिती पाहिलीय,” मी ओरडलो. “तुम्ही पाहिलीय का?”

“मी रोज पाहतो,” ती म्हणाली.

मी जुना टाक उचलला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. बोट फिरवलं. तिनं दाखवलेल्या बाजूलाच, तळहाताच्या कडेशी, पत्रा अजून किंचित उचललेला होता.

राळ पुन्हा तापवली आणि आकृती मोडली. कुणाच्या सांगण्यावरून माझं काम मी आयुष्यात तेवढं एकदाच मोडलं. ती समोर बसून राहिली आणि हसू त्या बाजूला आलं तेव्हा माझ्या हातोडीवर हात ठेवून म्हणाली, “बस. आता आली ते.”