बेटावरचा बघण्याचा कार्यक्रम

माणूस बेसावध असताना बघावा, हे आमच्या माहेरचं शास्त्र. ताईच्या वेळी आम्ही मुलाकडे गेलो, तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यात फ्रीज होता, सोफा होता, कोपऱ्यात टेबलपंखा फिरत होता. लग्नानंतर आठव्या दिवशी शेजारी आले आणि तिन्ही वस्तू घेऊन गेले. तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही स्थळ आलं की कार्यक्रमाच्या आधी कुणीतरी एकानं न सांगता जाऊन यायचं. भाचीच्या वेळी मीच गेले होते, हातात फाईल घेऊन, मतदारयादीचं विचारायला. होणाऱ्या सासूबाई मोलकरणीवर खेकसतच दार उघडायला आल्या. स्थळ तिथल्या तिथे बाद.

त्यात माझी नोकरी विमा कंपनीतली, क्लेम विभागात. माणूस खरंच गेला का, आणि गेला तर कागदात लिहिलंय तसाच गेला का, हे विचारायचा मला पगार मिळायचा. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. दूधवाल्यापासून देवळातल्या गुरुजींपर्यंत मी कुणाचंच पहिलं उत्तर खरं धरत नाही.

तर आमच्या मुलानं मुलगी पसंत केली. हिंजवडीला एकाच कंपनीत दोघं, एकाच मजल्यावर. मुलगी हुशार, आई लोणी काळभोरकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती, वडील सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. सगळं ऐकून घेतलं आणि मग मी आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं. मुलीच्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता, हेही त्यानंच सांगितलं, सरळ माझ्या डोळ्यांत बघत. मी म्हणाले, "थांब, गॅसवर दूध आहे," आणि स्वयंपाकघरात गेले.

"आई, दूध फ्रीजमध्ये आहे," तो बाहेरून म्हणाला.

"आमच्याकडे तसलं काही नाही हो," हे वाक्य मी जन्मभर लोकांना ऐकवत आले होते. आता ते परत कसं घेणार? म्हणून मी शास्त्र पुढे केलं. म्हटलं, माणसं कशी आहेत ते बघितल्याशिवाय मी होकार देणार नाही. पोहे करून, चादरी बदलून बसलेली नकोत मला. बेसावध बघायचीत. मुलगा "बरं" म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण त्याच्याविषयी आधीचेच संशय काय थोडे होते? वर्षभर दर रविवारी हा ऐन जेवणाच्या वेळी ऑफिसात. का, तर रिलीज आहे. कसलं मेलं ते रिलीज, दर रविवारी?

महिन्याभरात त्यानं आमच्या हातात तिकिटं ठेवली. मुंबईहून मोठ्या जहाजानं लक्षद्वीपपर्यंत जायचं, मधला एक दिवस एका छोट्या बेटावर, आणि परत. "तुमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली ना," म्हणाला. चौतीस! पंचवीस साजरी करतात, पन्नास साजरी करतात. चौतीस कुणी केलीत? मी ह्यांना म्हटलं, "ही लाच आहे. जहाजावर गोडधोड खायला घालून माझ्याकडून होकार काढायचाय त्याला."

"मग गोडधोड खाऊन ये," हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले.

जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या तिथल्या बाईंनी बेटाच्या परवान्यासाठी आमची ओळखपत्रं मागून घेतली. मी पोच मागितली. "मॅडम, असं कुणी मागत नाही," म्हणाल्या. म्हटलं, मी मागतेय ना. शेवटी त्यांनी जेवणाच्या मेनूकार्डाच्या मागे लिहून दिलं. ते मी अजून जपून ठेवलंय.

बेटावर जायचा दिवस उजाडला. जहाज लांबच उभं राहिलं आणि आम्हाला वीस-वीस जणांच्या बोटींतून किनाऱ्यावर न्यायचं ठरलं. जेवण बेटावर मिळणार होतं, पण परक्या ठिकाणचं पाणी, कुणी कुठे शिजवलेलं, आपल्याला काय माहीत? मी दशम्या आणि दाण्याची चटणी बांधून घेतली होती, पुण्याहूनच. बोटीत आमच्या समोर आमच्याच वयाचं एक जोडपं बसलं. गृहस्थ शांत, डोक्यावर उन्हाची टोपी. बाईंच्या अंगावर सुती साडी, नाकावर चष्मा आणि साडीखाली पांढरे बूट.

"पुण्याचेच ना आपण?" बाईंनी विचारलं.

"कशावरून?"

"बोलण्यावरून," आणि हसल्या.

मी तोवर "हे जाकीट ओलं आहे, दुसरं द्या" एवढंच बोलले होते.

आता लिहितेच आहे तर सांगून टाकते. ही दोघं म्हणजे त्या मुलीचे आईवडील, आणि हे त्या बोटीत मला सोडून तिघांना ठाऊक होतं. मला बेसावध बघायची हौस होती ना, ती पोरांनी भागवली होती. फक्त बेसावध कोण, एवढं मला सांगायचं राहिलं होतं.

मला दिसत होतं ते वेगळंच. आमचे हे शेजाऱ्यांशी वर्षातून तीन वाक्यं बोलतात, त्यातली दोन पार्किंगवरून. ते इथे टोपीवाल्यांशी खडकवासल्यात यंदा पाणी किती, ह्यावर रंगात येऊन गप्पा मारत होते. अनोळखी माणूस इतका गोड बोलतो म्हणजे तो काहीतरी विकतो. तेव्हा पुण्यात साखळी योजनांचा नुसता सुळसुळाट होता. भलीभली निवृत्त माणसं ओळख काढून घरी यायची, तुमची मुलं काय करतात म्हणून विचारायची, आणि चहा संपेपर्यंत पिशवीतून चुंबकाच्या गादीचं माहितीपत्रक काढायची. आमच्या सोसायटीत तिघांनी त्या गाद्या घेतल्या होत्या. पाठ तिघांचीही अजून दुखते.

बाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "शेंगदाण्याचे लाडू आहेत. घ्या ना, घरचे आहेत."

प्रवासात अनोळखी माणसाच्या हातचं खाऊन लोक कसे गुंगीत पडतात आणि उठल्यावर अंगावर दागिना राहत नाही, हे मी फायलींमधून वाचलेलं होतं. "नको. मी बाहेरचं खात नाही," म्हटलं. आवाज जरा कडकच लागला. ह्यांनी मात्र दोन घेतले आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं बघितलं की मला वाटलं, ह्यांना गुंगी चढायला लागली.

बेट म्हणजे केवढंसं! एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसावं. पांढरी वाळू, नारळाची झाडं, आणि पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजावेत. सुंदर होतं, नाही कशाला म्हणू? पण मी पर्स पोटाशी धरून बसले होते, त्यामुळे फारसं बघितलं नाही. दोघे पुरुष मासे वाळवतात ते बघायला म्हणून गेले ते गेलेच. आम्ही दोघी नारळाखाली सतरंजीवर. बाईंनी पाय पसरले, बूट काढले, आणि समुद्राकडे बघत अगदी सहज विचारलं, "मुलंबाळं काय करतात आपली?"

आलं! मी मनात म्हटलं, आता गादी निघणार. मुलगा आयटीत म्हटलं की ही बाई पुण्यात घरापर्यंत येणार. एका वाक्यात तोडून टाकावं.

"आम्हाला मूलबाळ नाही," मी म्हणाले.

बाईंचा हात डब्याच्या झाकणावर होता, तो तिथेच राहिला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं?" आणि तोंड फिरवून बसल्या. त्यानंतर एक अक्षर नाही. मी खूश. कशी गप्प केली! दशम्या सोडल्या, चटणीबरोबर निवांत खाल्ल्या. त्यांनी काहीच खाल्लं नाही.

तीन वाजता परतीची शिट्टी झाली. सगळे धक्क्यावर रांगेत उभे राहिले. आमचे दोघे पुरुष पुढे पोचले होते. बाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात बोलायला लागल्या.

"मघाशी मी विचारायला नको होतं. तुम्ही कोण ते मला माहीत होतं, तुमचा फोटो बघितलाय आम्ही. तुमच्या मुलानं पसंत केलीय ना, ती मुलगी माझी."

मी पोटाशी धरलेली पर्स सोडली.

"तुम्हाला आम्हाला असंच बघायचं होतं, म्हणून मुलांनी हे सगळं जुळवलं. पण गोष्ट इतक्या थराला गेली असेल असं वाटलं नव्हतं हो. मुलगा नाहीच म्हणण्यापर्यंत." रांग पुढे सरकली, त्या बोलतच राहिल्या. "लाडू नको म्हणालात तेव्हाच मी समजायला हवं होतं. एक करा. आमच्यापायी मुलाला तोडू नका. मुलीला मी समजावते. रडेल, पण ऐकेल माझं."

आणि त्या बोटीत जाऊन बसल्या, पार पुढच्या टोकाला, नवऱ्याशेजारी.

मी मागच्या बाकावर ह्यांच्या शेजारी कशी बसले ते मला आठवत नाही. लाडू मी गुंगीच्या औषधाच्या भीतीनं नाकारला होता, हे मी शपथेवर सांगेन. पण बत्तीस वर्षं मी कागद दोन्ही बाजूंनी वाचलेत, आणि ह्या कागदाच्या मागे ते गॅसवरचं दूध होतं, जे गॅसवर नव्हतंच. त्या बाईंनी माझ्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे म्हणायला माझ्याकडे पुरावा काय होता? मला माझीच लाज वाटली. इतकी वाटली की डोळ्यांसमोरचा समुद्र दिसेना. आणि तिकडे त्या बाई आपल्या लेकीला कसं सांगायचं ते मनात जुळवत असणार. जहाजावर पोचल्यावर त्या खोलीचं दार लावून घेणार, आणि पुण्याला पोचल्या की संपलं. माझ्या मुलाचा संसार मी एका दशमीबरोबर खाऊन टाकला होता.

इंजिन धडधडत होतं. मधे सोळा माणसं. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "अहो! मला मुलगा आहे!"

बोट हलली. ह्यांनी माझा पदर धरून खाली ओढलं. मी बसले नाही.

"एकच आहे! मी खोटं बोलले! मला वाटलं, तुम्ही चुंबकाच्या गाद्या विकता!"

कुणीतरी पाण्यात पडलं असं वाटून नावाड्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. सगळी बोट माझ्याकडे बघत होती. पुढच्या टोकाला बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"माहीत आहे मला, मुलगा आहे ते," त्या म्हणाल्या. "वर्षभर दर रविवारी आमच्याकडेच जेवतो. आणि दर रविवारी सांगतो, आमटी खावी तर आईच्या हातचीच."

मग मात्र मला रडू आलं. भर बोटीत, परक्या माणसांत, हमसून हमसून. रिलीज म्हणे! रडता रडता मी म्हटलं, "तो डबा द्या इकडे." डबा हातोहात माझ्यापर्यंत आला. एक लाडू उरला होता. मी तो तिथेच खाल्ला, सगळ्यांच्या देखत. गूळ जरा जास्त झाला होता. तसं मी सांगितलंही.

"रविवारी आमच्याकडे या," मी म्हणाले. "मुलीला घेऊन या. आणि न सांगता या."

आल्या. रविवारी सकाळी आठलाच बेल वाजली. मी केसांना तेल चोपडून, उसवलेल्या गाऊनवर लसूण सोलत बसले होते. हे म्हणाले, "अगं, निदान साडी तरी नेस." मी तशीच उठले आणि दार उघडलं.