जेवलात का, हे इंग्रजीत

भोसरीत एका मोबाइलच्या दुकानाच्या वर इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास आहे. दर रविवारी दुपारी मी तिथे जातो. सासरी असलेल्या मुलीला फोनवर सांगितलंय, कंपनीत परदेशी साहेब येतात म्हणून शिकतोय. खोटं आहे. साहेब आले तरी मशीन बघतात, माझ्याकडे कोण बघतंय? खरं कारण एवढंच, की बायको गेल्यापासून रविवारी घर खायला उठतं. क्लासातली बाकीची पोरं हिंजवडीतल्या नोकरीच्या मागे आहेत. त्यांच्यात मी काका.

त्या दिवशी खाण्यापिण्याची क्रियापदं होती. चहाला 'ड्रिंक' चालतं, पण 'हॅव' शोभून दिसतं म्हणे. वाटीतलं सूप 'ईट', कपातलं 'ड्रिंक'. गोळी 'टेक'. जेवणाला पुन्हा 'हॅव'च. मला हसू आलं. एकाच पान्याने सगळे नट खोलायला गेलं तर आमचा फोरमन शिव्या घालतो.

मग सरांनी मला उभं केलं. माझ्या मुलीपेक्षाही लहान असतील. म्हणाले, "हॅव यू हॅड युवर लंच?"

जेवलात का? किती दिवसांनी रविवारचं कुणीतरी मला हे विचारत होतं. सकाळपासून मी नुसत्या चहावर होतो. "नो सर," म्हणालो, "नॉट येट."

आणि तसाच उभा राहिलो. आमच्यात हे विचारणारा माणूस 'नाही' ऐकून पुढे जात नाही. वर्कशॉपमध्ये कुणी नाही म्हणालं, की विचारणाऱ्याने आपला डबा पुढे सरकवायचा, अर्धी भाकरी मोडून द्यायचीच. सर काही डबा काढणार नव्हते, हे काय मला कळत नव्हतं? तरी मी वाट पाहिली. निदान "का हो, काका?" एवढं तरी.

"व्हेरी गुड, काका. सिट डाउन."

प्रश्न पुढच्या मुलीकडे गेला. ती बिर्याणी खाऊन आली होती. सगळे हसले, मीही हसलो.

क्लास सुटल्यावर सरांनी मला जिन्यात गाठलं. मनापासून खूश होते बिचारे.

"काका, आज एकदम बरोबर बोललात. आता घरी काकूंबरोबर सराव करा. रोज जेवायच्या वेळी त्यांना हाच प्रश्न विचारायचा."

मी "हो" म्हणालो. ती आता नाही, हे सांगायला इंग्रजी लागत नव्हतं. तरी जमलं नाही.