वस्ताद ओट्यावर जाऊन बसले

डोक्याला लागलं की आमच्या कबड्डी संघाच्या वस्तादांकडे एकच औषध होतं : मैदानातली ओली माती. पकड करताना चढाईवाल्याचा गुडघा कानशिलात बसून कुणी आडवा झाला, की वस्ताद त्याच्या कपाळाला माती थापत आणि विचारत, "नाव काय रे तुजं?" नाव सांगता आलं की गडी परत मैदानात. नव्वदच्या दशकात शहापूर-मुरबाडकडचे सामने आम्ही असेच खेळलो आणि त्याचा तोराही मिरवला.

तसा माणूस जिवाला जीव देणारा. भातकापणी टाकून सरावाला येई, घरच्या म्हशीचं दूध आम्हाला पाजी. घोटा धरायला डोकं आधी घालायचं, ही त्यांची शिकवण. कुणी कचरला की म्हणत, "डोकं जपायचं तं बाशिंग बांधून घरी बस!" आम्ही हसायचो आणि डोकं घालायचो.

पुढे दहाएक वर्षांनी मुंबईहून एक डॉक्टरीणबाई आल्या. खेळात डोक्यावर बसलेल्या माराचा पुढे मेंदूवर काय परिणाम होतो, हे त्या जुन्या खेळाडूंना विचारत होत्या. घरं दाखवायला वस्ताद हौसेनं निघाले, सोबत मी. "कधी बेशुद्ध पडलात?" असं बाईंनी विचारलं, की गडी आधी वस्तादांकडे बघे आणि म्हणे, "नाय बा, कदीच नाय." मीही तेच सांगितलं. वस्तादांसमोर दुखणं काढायचं म्हणजे त्यांच्याच नावानं बोटं मोडल्यासारखं झालं असतं.

सापगावचा जनार्दन आमचा सगळ्यात पक्का पकडवाला. अजून चाळिशीही गाठली नव्हती. त्याच्या घरी गेलो तर बायको म्हणाली, "शेतावरून येताना घरची वाट इसरतात. पोरीवर उगाच खवळतात." तरी जनार्दनचं पालुपद तेच. "लागलं नाय कदी."

वस्तादांचा चेहरा उतरला. "बाई, खोटं सांगतो हा. माज्यापायी सांगतो. मुरबाडला याला सोताचं नाव सांगता येत नव्हतं. मी सांगितलं, 'जनार्दन म्हण.' म्हणाला. मग पाठवला खेळायला." ते उठले. "मी इथं असलो तं कुणी खरं बोलायचं नाय," म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

जनार्दन मग बराच वेळ बोलला. दार उघडं होतं, वस्तादांना सगळं ऐकू जात होतं. मला तोंड कुठं लपवावं कळेना. त्यांची लाज राखायला मी खोटं बोललो होतो, आणि ते मात्र आपली लाज सगळ्यांदेखत उघडी करून बसले होते.

निघताना जनार्दन रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाया पडायला वाकला. वस्तादांनी पाय ओढून धोतराखाली झाकले. "नको रे," एवढंच म्हणाले. पुढे मरेपर्यंत त्यांनी आमच्यापैकी कुणालाच पाया पडू दिलं नाही.