व्हॅनचा चौथा अर्थ

माझा पांढऱ्या व्हॅनवर विश्वास नाही. परभणीतल्या आमच्या गल्लीत ‘व्हॅन’चे तीनच अर्थ: पोरं नेते ती शाळेची, आजारी माणूस नेते ती दवाखान्याची आणि धडधाकट माणूस नेते ती पोलिसांची!

त्या रविवारी सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक व्हॅन येऊन थांबली. शाळेला सुट्टी, आजारी कुणी नाही आणि पोलीस असे ताटकळत बसत नाहीत. म्हणजे चौथा अर्थ, चोर! त्यात आईने नेमके दागिने बाहेर काढलेले. दुपारी चारला पूर्ण्याहून माझ्या धाकट्या बहिणीला, रेखाला, पाहायला पाहुणे येणार होते. मुलाचा फोटो तिला फार आवडला होता. “दादा, आज कमी बोल,” असं तिने मला बजावलं होतं.

मी पानटपरीवर पहारा धरला. व्हॅनमधून एक टोपीवाला म्हातारा उतरला. किराणा दुकानात काहीतरी विचारलं, शेजारच्या काकूंना विचारलं आणि थेट माझ्याकडे आला!

“ते निळ्या दाराचं घर कसं हाय हो?”

आमचंच घर! मी सावध झालो. “कशाला विचारायलाव?”

“असंच. माणसं कशी हायत?”

“लय वाईट! म्हातारी वरवंटा फेकून मारती. घरात फुटका मणी न्हाई.”

“आन् पोरगी?”

(पोरीवरही डोळा!) “चावती!”

“भाऊ?”

“येडा हाय. दिसंल त्याच्यावर धोंडा उचलतो.”

म्हाताऱ्याने घाम पुसला. व्हॅन निघून गेली. मी विजयाची जिलबी घेऊन घरी आलो आणि सगळं सांगितलं.

रेखा पांढरीफटक पडली. “दादा, चोर पोरीचं कशाला विचारतील?”

सोयरिकीआधी गल्लीत चौकशी करतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मुलासाठी मी स्वतः पूर्ण्यात दोन टपऱ्यांवर तेच करून आलो होतो! रेखा रडायला लागली. मी जिलबीचा पुडा हळूच फळीवर ठेवला.

चारला मात्र तीच व्हॅन दारात आली. टोपीवाला म्हातारा मुलाचा मामा निघाला! मी पोह्यांचा ट्रे घेऊन पुढे झालो.

“येडा भाऊ त्यो हाच?”

“हो,” मी म्हणालो. दिवसभरातलं माझं पहिलं खरं वाक्य.

मामा आईकडे वळले. “सगळ्या गल्लीनं पोरीचं कौतुक केलं. एकटे हेच उलटं बोलले. आता कळलं, पोरीला लवकर हितून न्यायला पाहिजे!”

महिन्याभरात रेखा त्याच व्हॅनमधून सासरी गेली. आता ती व्हॅन दारात आली की आई मला बाहेर काढते. “टपरीवर जाऊन बस. आन् कुणी काही विचारलं, तर ‘मी ह्या गल्लीतला न्हाई’ एवढंच सांग!”