कपाळावरची विभूती

दाताच्या डॉक्टरकडे जाते असं घरी सांगून मी लातूरला त्वचेच्या दवाखान्यात गेले. मूळ पेशींपासून काढलेलं एक द्रव्य, एक्झोसोम म्हणतात त्याला, बारीक सुयांनी कपाळात आणि भांगात जिरवून घेतलं. सुरकुत्या कमी होतील, विरळ भांग भरेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. निघताना त्यांनी बजावलं, "उद्या संध्याकाळपर्यंत चेहऱ्याला पाणीसुद्धा लावायचं नाही."

मी "हाव" म्हणाले आणि देवणीची एसटी धरली. घरी पदर कपाळावर ओढून वावरले. सकाळचा विचारच डोक्यात आला नाही.

आमच्या लिंगायत घरात लिंगपूजा झाल्याशिवाय कोणी चहा घेत नाही, आणि पूजेनंतर सासूबाई स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या कपाळावर विभूती ओढतात. सकाळी मी त्यांच्यासमोर वाकले. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. त्यांची तीन बोटं टेकली आणि कपाळाची आग आग झाली. मी दात आवळले. स्वतःचाच असा संताप आला!

सासूबाईंनी हात थांबवला. माझा पदर मागे सारून कपाळभरचे लाल ठिपके पाहिले, मग भांग पाहिला.

"तुझे दात कपाळात हायेत व्हय गं?"

सासूबाई आपल्या पदराच्या टोकाने हलकेच विभूती टिपू लागल्या.

"पन्नाशी उलटली की तुझी. अजून मला भितीस?"

चेहऱ्याला पाणी लावायचं नव्हतं. ते लागलंच.