सांधेदुखीची पुडी आणि आम्ही दोघी जावा

"बोटांचं नंतर बघू," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आधी सांगा, चेहरा इतका गोल कधीपासून झाला?"

मला वाटत होतं, तब्येत सुधारली. मी पिशवीतून रोज घेत होते ती पुडी काढून दाखवली.

मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, असं त्या दिवशी नाशिकच्या दवाखान्यात कळलं. म्हणजे शरीराची रोगाशी लढणारी ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते. "आणि या पुडीत बहुतेक स्टेरॉइड आहे," मॅडम म्हणाल्या. स्टेरॉइडने सूज झटकन उतरते. पण बेहिशेबी घेत राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, शुगर वाढते.

शुगर म्हटल्यावर मला सुनंदा आठवली. माझी धाकटी जाऊ. तिला शुगर आहे, आणि पुडी तिला मीच चालू करून दिली होती.

पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी घडातले खराब मणी कात्रीने काढते. दोन वर्षांपूर्वी सकाळी बोटं वळेनाशी झाली. लसणाचं तेल, मेथ्या, तांब्याचं कडं, सगळं केलं. मग सिन्नरकडच्या एका वैद्याने पुडी दिली. तिसऱ्या दिवशी मूठ मिटली. मी आनंदाने रडले. सुनंदाचे गुडघे दुखायचे, तिला ओढत नेलं, कामावरच्या चौघींनाही नेलं.

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यातूनच सुनंदाला फोन लावला.

"ताई, पायाच्या अंगठ्याला जखम झालीये, भरतच नाय," ती म्हणाली. "पण गुडघे लय हलके झालेत बघा."

दुसऱ्या दिवशी तिला आणलं. शुगर इतकी होती की मशीन आकडाच दाखवेना. आधी अंगठा काढला. आठवड्याने गुडघ्याखालून पाय. "शुगर आधीची होती, स्टेरॉइडने भडकली," सर्जन म्हणाले. त्यात माझी सुटका नव्हती.

माझी पुडी मॅडमनी एकदम बंद केली नाही. तसं केलं तर जिवावर बेततं, म्हणून स्टेरॉइडच्या मोजक्या गोळ्या देऊन हळूहळू उतरवली. आता आजारासाठी आठवड्याला एक गोळी असते, आणि ठरल्या वेळी रक्त तपासायचं. दोन बोटं वाकडी झाली, ती तशीच राहणार. घरगुती उपाय सगळे खोटेच का, असं मी विचारलं. "गरम पाण्याने शेका, बरं वाटेल," मॅडम म्हणाल्या. "आजार मात्र त्याने थांबत नाही. आणि आत काय आहे ते जो सांगत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका."

सुनंदाच्या खाटेशी बसून मी म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे."

ती नाही म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "त्या चौघींना सांगितलं का तुम्ही?"

नव्हतं सांगितलं. लाज वाटत होती.

सकाळी पॅकहाउसला गेले आणि सांगितलं, पुडी एकदम सोडू नका, ती घेऊन डॉक्टरकडे चला. तिघी तयार झाल्या. चौथी मान खाली घालून मणी काढत राहिली.

"मला तर लय फरक पडलाय, मावशी."

"मलाही पडला होता," मी म्हणाले. मग साडी जरा वर घेतली आणि सुनंदाचा पाय कुठून कापला, ते माझ्या पायावर बोट ठेवून तिला दाखवलं.